आयडी फॅनच्या बेअरिंगचा आवाज : एका गळीत हंगामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

आजपासून ही वही सुरू. काम एका ओळीत लिहून ठेवतो: बॉयलरच्या आयडी फॅनचं बेअरिंग खराब व्हायला लागलं की ते आधी कळलं पाहिजे, आणि त्यात नेमकं काय खराब झालंय तेही कळलं पाहिजे.

मागच्या हंगामात, जानेवारीत, रात्री दोनच्या सुमारास हा पंखा जाम झाला. आयडी फॅन म्हणजे बॉयलरमधला धूर चिमणीकडे ओढणारा पंखा. तो थांबला की भट्टीत बगॅस (उसाचं चिपाड) टाकता येत नाही. वाफ पडते, आणि वाफ पडली की टर्बाइनपासून मिलपर्यंत सगळं जागच्या जागी उभं. अकरा तास कारखाना बंद होता. मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे, त्या रात्री ड्युटीवर होतो. यार्डात गेलो तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेलेली. त्या रांगेत आमच्याही शेतातली ट्रॉली होती आणि तिच्यापाशी वडील घोंगडं पांघरून बसले होते. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळून वजन घटतं, आतली साखर फुटते, उतारा पडतो. त्यांनी एवढंच विचारलं, "काय मोडलंय रं?" मला सांगता आलं नाही. बेअरिंग बाहेर काढेपर्यंत कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते बेअरिंग एका रात्रीत गेलेलं नव्हतं. कितीतरी दिवस ते सांगत असणार. ते ऐकायची सोय आपल्याकडे नव्हती, ती करायची आहे.

२० ऑगस्ट

आपल्या पंख्याची एकही कंपन-नोंद हाताशी नाही. तोवर जगभर ज्यावर सगळे हात साफ करतात तो डेटा घेतला: अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा. २ अश्वशक्तीची मोटर, तिच्या ड्राइव्ह बाजूला, म्हणजे जिकडून फिरणं पुढच्या यंत्राला जातं तिकडे, ६२०५ नंबरचं बेअरिंग. विजेच्या ठिणगीने इनर (आतली कडी), आउटर (बाहेरची कडी) आणि गोळीवर ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंच व्यासाचे खड्डे मुद्दाम पाडलेले, आणि सेकंदाला १२,००० व ४८,००० वेळा कंपन मोजलेलं. फाइल्स स्वच्छ, नावं स्पष्ट, शिकायला उत्तम.

प्रत्येक नोंदीचे २,०४८ नमुन्यांचे तुकडे केले, त्यावर छोटं कन्व्होल्यूशनल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून नमुने ओळखायला शिकणारं मॉडेल, शिकवलं. संध्याकाळपर्यंत चाचणीत ९९.६ टक्के बरोबर. साहेबांना स्क्रीन दाखवली, ते खूश झाले.

२८ ऑगस्ट

ते ९९.६ खरं नाही. सकाळपासून हेच तपासतोय.

चूक अशी झाली. एकाच सलग नोंदीचे तुकडे केले आणि ते पत्त्यांसारखे पिसून काही शिकवायला, काही चाचणीला दिले. म्हणजे चाचणीतला प्रत्येक तुकडा मॉडेलने आधी पाहिलेल्या तुकड्याचा सख्खा भाऊ. तीच मोटर, तेच बेअरिंग, तोच खड्डा, तोच सेन्सर त्याच जागी. मॉडेल दोष ओळखायला शिकलंच नाही, ते ती विशिष्ट नोंद ओळखायला शिकलं. आज वाटणी बदलली: ०.००७ आणि ०.०२१ इंचाचे खड्डे शिकवायला, ०.०१४ चे फक्त चाचणीला. आकडा ६१ वर आला.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग आधीच्या आकड्याचं काय?" तो वहीत राहू दे, पण रिपोर्टात लिहू नका, असं सांगितलं. या कामात ९९ टक्के दिसले की प्रथम वाटणी तपासायची, हे यापुढे माझ्यापुरतं पक्कं.

दुसरा एक डेटा मात्र मनात भरला. सिनसिनाटी विद्यापीठाच्या केंद्राने केलेला, नासाने खुला ठेवलेला. एका शाफ्टवर चार बेअरिंगं, २,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), ६,००० पौंडाचा भार, आणि बेअरिंग आपलं आपण मरेपर्यंत चालू. २००४ च्या फेब्रुवारीतल्या एका प्रयोगात दर दहा मिनिटांनी एक फाइल, अशा ९८४ फाइल्स, आणि शेवटी पहिल्या बेअरिंगची आउटर गेलेली. इथे खड्डा कुणी पाडलेला नाही. अर्धी वाट थोडी ओलांडली की आलेखात काहीतरी हलायला लागतं, आणि पुढे तीन दिवस ते वाढत जातं. आपल्याला हेच हवंय. तीन दिवस हातात असते तर ती अकरा तासांची रात्र आलीच नसती.

१० सप्टेंबर

आजचा दिवस संगणकाशिवाय गेला आणि आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा गेला.

मेकॅनिकलचे जुने फिटर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांच्याकडे गेलो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घरावर, टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. मी विचारलं, "तात्या, खराब बेअरिंग कसं ओळखता?" म्हणाले, "चांगलं बेअरिंग वाळू गाळल्यासारखं बोलतंय. खराब झालं की त्यात खडा येतोय. आन् खडा ठेक्यात येतोय, तेवढं ध्यानात ठेव."

ठेक्यात येतो. सगळा सिद्धांत याच दोन शब्दांत आहे.

ते मला भंगारात घेऊन गेले. जानेवारीतलं बेअरिंग तिथेच पडलं होतं: दोन रांगांचं स्फेरिकल रोलर बेअरिंग, केज (रोलर जागच्या जागी धरणारा पिंजरा) फाटलेला. रॉकेलमध्ये धुतलं. आउटरच्या खालच्या बाजूला, जिथे शाफ्टचा भार येतो तिथे, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा पोपडा उडालेला. कडा खरखरीत, तळ करडा, आणि त्यापुढे रोलर फिरायच्या दिशेने बारीक टोचे पडत गेलेले, उडालेल्या पोपड्याचे कण रोलरखाली दाबले गेल्याचे. ग्रीस करपून काळपट झालेलं. एका रांगेतले रोलर मोजले, १९ भरले.

आता हिशेब. पंखा ९८५ आरपीएम, म्हणजे सेकंदाला १६.४ फेरे. आउटरवर खड्डा असेल तर प्रत्येक रोलर त्यावरून जाताना एक ठोका. रोलरची जाडी आणि पिच व्यास व्हर्नियरने मोजून सूत्रात घातले: आउटरचे ठोके सेकंदाला १३१, इनरचे १८१. दोन्हींची बेरीज ३१२, म्हणजे बरोबर १९ गुणिले फेरे. ही बेरीज जुळलीच पाहिजे, नाहीतर मोजताना चूक झाली. केज स्वतः सेकंदाला सुमारे ६.९ फेरे घेतो.

जानेवारीत कुणी कंपन मोजलं असतं तर त्यात १३१ चा ठेका सापडला असता, असं मला आज छातीठोकपणे वाटतंय.

२६ सप्टेंबर

सेन्सर बसवले. चार: पंख्याची ड्राइव्ह बाजू, पंख्याची दुसरी बाजू, मोटरची ड्राइव्ह बाजू, मोटरची मागची बाजू.

आधी स्वस्तातला एडीएक्सएल३४५ वापरून पाहिला होता. तो सेकंदाला जास्तीत जास्त ३,२०० वाचनं देतो, म्हणजे १,६०० हर्ट्झच्या (सेकंदाला १,६०० कंपनांच्या) वरचं काहीच दिसत नाही. बेअरिंगचा पहिला खडा बोलतो तो कित्येक हजार हर्ट्झवर. चुकीच्या खिडकीतून कितीही वेळ बघितलं तरी रस्ता दिसणार नाही, म्हणून साहेबांकडे हट्ट धरून पिझो प्रकारचे औद्योगिक सेन्सर मागवले. लोहचुंबकाने चिकटवायचा मोह टाळला, कारण चुंबकावर वरच्या फ्रिक्वेन्सी गळतात. तात्यांनी प्लमर ब्लॉकवर जागा सपाट घासून ड्रिल मारलं, टॅप फिरवला, आणि सेन्सर स्टडवर आवळले.

दर दहा मिनिटांनी दहा सेकंदांची नोंद, सेकंदाला २५,६०० नमुने. चार सेन्सरचे दिवसाला ५९० एमबी होतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेल्या हार्ड डिस्कवर हंगामभर पुरेल.

१२ ऑक्टोबर

दसरा. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. यंत्रांच्या पूजेत पंख्याला झेंडूचा हार, आणि तात्यांनी चारही सेन्सरना हळद-कुंकू लावलं. केबलच्या तोंडाशी हळद जाऊ नये म्हणून मी वरून टेप गुंडाळली.

१८ नोव्हेंबर

१५ तारखेला गाळप सुरू झालं. तीन दिवसांच्या ४०० हून जास्त नोंदी जमल्या.

कामाची मांडणी अशी ठरवली आहे. दोष ओळखायचं मॉडेल शिकवायला दोषाची उदाहरणं लागतात, आणि आपल्याकडे दोषाची नोंद शून्य. म्हणून दोन पायऱ्या. पहिली: पंखा ठणठणीत असताना कसा बोलतो ते मॉडेलला शिकवायचं, आणि त्यापासून लांब गेलेलं काहीही दिसलं की हात वर करायला सांगायचं. दुसरी: हात वर झाला की कुठला ठेका वाढलाय ते बघून दोषाचं नाव घ्यायचं.

पहिल्या पायरीला आयसोलेशन फॉरेस्ट वापरतोय. २००८ ची पद्धत, समजायला सोपी. प्रत्येक नोंदीचे वीसेक आकडे काढायचे, मग कुठल्याही आकड्यावर कुठेही काप मारत जायचं. गर्दीतली नोंद एकटी पाडायला पुष्कळ काप लागतात. जी दोन-चार कापांतच एकटी पडते, ती वेगळी.

दुसऱ्या पायरीला एन्व्हलप. देवळातली घंटा डोळ्यांसमोर आणा. रोलर खड्ड्यावरून गेला की ठोका बसतो, आणि त्या ठोक्याने बेअरिंगचं घर काही हजार हर्ट्झच्या सुरात घणघणतं. तो सूर लोखंडाच्या वजनावर आणि बसणीवर ठरतो, त्यातून दोष कळत नाही. टोले सेकंदाला किती पडले ते मोजायचं. १३१ टोले असतील तर आउटर.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान. ऊसतोड मजूर मतदानाला गावी गेलेले, ऊस येईना, मिल तासंतास थांबून थांबून चालली. मॉडेलने एका दिवसात ४३ वेळा हात वर केला. पंख्याला काहीही झालेलं नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मिल थांबली की वाफेची मागणी घटते, बॉयलर हळू जळतो, ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं विजेचं उपकरण) पंख्याचा वेग ९८५ वरून ६०० पर्यंत उतरवतो. मॉडेलने ६०० वरचा पंखा कधी ऐकलेलाच नव्हता. त्याच्या मते तो आजारी.

शिफ्टच्या लोकांनी दुपारनंतर माझे मेसेज उघडणंच बंद केलं, आणि त्यांचं बरोबर आहे. पंचवीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला ४३ वेळा खोटं सांगितल्यावर ४४ व्या वेळी त्याने का ऐकावं? उद्यापासून मेसेज बंद. वेगाचा बंदोबस्त झाल्याशिवाय चालू करणार नाही.

२ डिसेंबर

शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवली, समोर ऑप्टिकल सेन्सर. आता प्रत्येक फेऱ्याची खूण मिळते. कंपनाचे नमुने वेळेऐवजी फेऱ्यांच्या हिशेबाने पुन्हा मांडतो. मग आउटरचा ठेका वेग कितीही असो, एका फेऱ्याला ७.९८ लाच पडतो. हर्ट्झ सुटले, फेऱ्याला किती एवढंच उरलं.

शिवाय वेगाचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा ठणठणीतपणा वेगळा शिकवला. पंधरा दिवसांच्या जुन्या नोंदींवर चालवून पाहिलं: ४३ च्या जागी २. त्यातली एक, कुणीतरी बाजूला प्लेट कापत होतं तेव्हाची. कटिंगची वेळ लॉगबुकात सापडली.

१९ डिसेंबर

पहिला खरा इशारा. पंख्याच्या दोन्ही बाजूंना, फेऱ्याला एक या ठेक्यावर कंपन आठ दिवस चढतंय. एकूण पातळी २.२ वरून ४.३ मिलिमीटर प्रति सेकंद. आयएसओ १०८१६ या कंपनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागात या ताकदीच्या, पक्क्या पायाच्या यंत्राला ४.५ च्या वर नुकसानीचा धोका सांगितलाय. आपण उंबरठ्यावर आहोत.

पण बेअरिंगचे ठेके शांत. १३१ नाही, १८१ नाही. म्हणजे बेअरिंग चांगलं, चाक एका अंगाला जड झालंय. तात्यांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "राख बसली. स्क्रबरचं पाणी जास्त सोडलंय, ओली राख पात्यावर धरतीय." स्क्रबर म्हणजे धुरातली राख पाण्याने धुणारी टाकी. मॉडेलने असंतुलन सांगितलं. राख तात्यांनी सांगितली. इशाऱ्याच्या मेसेजात दोन्ही लिहिलं.

३ जानेवारी २०२५

काल जनरल क्लीनिंगसाठी कारखाना आठ तास बंद होता. पंख्याचं झाकण उघडलं. पात्यांच्या मागच्या अंगाला सिमेंटसारखा राखेचा थर, सगळ्या पात्यांवर सारखा नाही. दोन पात्यांवरची खपली आधीच पडलेली, म्हणून तोल गेलेला. खरवडून धुतलं. सुरू केल्यावर २.१.

तात्यांच्या रजिस्टरात आजवर अशी नोंद व्हायची: "पंखा धुतला." मी विनंती केली की उघडल्यावर काय दिसलं तेही लिहा, किती पाती, किती जाड थर. त्यांना आधी ते पटलं नाही, लिहिण्यात वेळ जातो म्हणाले. मी सांगितलं की मॉडेलला शिकवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. कंपनाच्या हजारो फाइल्स आहेत, पण त्यांतल्या कुठल्या दिवशी आत काय होतं हे फक्त ज्याने झाकण उघडलं त्याला माहीत.

९ जानेवारी

मोटरच्या मागच्या सेन्सरवर दोन दिवस एकदम शांतता, मॉडेल खूश. मला उशिरा लक्षात आलं, याचं वाईट वाटतं. उंदराने केबल कुरतडली होती.

मी मॉडेलला फक्त वाढलेल्या कंपनावर ओरडायला सांगितलं होतं, म्हणून मेलेला सेन्सर त्याच्या हिशेबी सगळ्यात निरोगी ठरला. असले सेन्सर चालू असताना तारेवर १० ते १२ व्होल्टचा स्थिर दाब ठेवतात. तार तुटली की तो पुरवठ्याच्या २४ व्होल्टपर्यंत चढतो, शॉर्ट झाली की शून्यावर येतो. आता प्रत्येक नोंदीआधी हा दाब तपासला जातो आणि दाब बिघडलेला असेल तर त्या सेन्सरबद्दल मॉडेल काहीच बोलत नाही, "सेन्सर बघा" एवढंच सांगतं. केबल लोखंडी पाइपातून नेली.

१६ जानेवारी

पंख्याची ड्राइव्ह बाजू. रात्री साडेतीनच्या नोंदीत एन्व्हलपमध्ये फेऱ्याला ७.९८ वर बारीक रेघ. हर्ट्झमध्ये १३१. तिच्या दुप्पट २६२ वर आणखी एक, तिप्पट ३९३ वर पुसट तिसरी. मागे जाऊन पाहिलं, ११ तारखेपासून आहे, मला दिसली आज.

एकूण कंपन २.४. आयएसओच्या हिशेबाने यंत्र अजून बरंच चांगलं आहे. हातातल्या पेनसारख्या मीटरवर हेच २.४ दिसलं असतं आणि कुणीही पुढे गेलं असतं. पण कर्टोसिस, म्हणजे कंपनात टोकदार ठोके किती आहेत त्याचं माप, ३ वरून ५.८ झालंय. चांगल्या बेअरिंगचं ते ३ च्या आसपास असतं. याच्यावर एकट्यावर विसंबायचं नाही हेही लिहून ठेवतो: खड्डा पसरला, ठोके एकमेकांत मिसळले, की कर्टोसिस परत ३ कडे उतरतं आणि माणसाला वाटतं की बरं झालं.

इनरचा दोष असता तर रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक फेऱ्याच्या अंतरावर छोट्या रेघा दिसल्या असत्या, कारण इनर फिरते आणि खड्डा भाराखाली येतो-जातो. इथे मुख्य रेघ एकटी उभी आहे. खड्डा जागचा हलत नाही. आउटर, खालच्या बाजूला. मागच्या जानेवारीतल्या, भंगारातल्या बेअरिंगसारखाच.

तात्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला. बराच वेळ ऐकलं. "मला काय ऐकू येत न्हाई," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण मला ऐकू येईस्तवर उशीर झालेला असतोय."

१८ जानेवारी

साहेबांचा प्रश्न रास्त: ग्रीस कमी पडलं असेल तर? तसं असतं तर ग्रीस दिल्यावर आवाज उतरतो आणि उतरलेला राहतो. सकाळी दहाला ग्रीस दिलं, मोजून. रेघ निम्म्यावर आली. दुपारी चारपर्यंत होती तेवढी झाली. लोखंड उडालंय, ग्रीस त्यावर पांघरूण घालू शकतं, भरून काढू शकत नाही.

मेसेज असा पाठवला, तात्यांनी एकेक शब्द पाहून: "आयडी फॅन, ड्राइव्ह बाजूचं बेअरिंग, आउटर. आज थांबवू नका. नवीन बेअरिंग स्टोअरमधून काढून ठेवा. पुढच्या क्लीनिंगला बदला. रेघ दुप्पट झाली किंवा तापमान ८५ च्या वर गेलं तर लगेच फोन." आधी मी "विसंगती गुण ०.७१" असं लिहिलं होतं. तात्या म्हणाले, ०.७१ ला कुठला पाना लागतो ते लिही. बरोबर आहे. इशाऱ्यात जागा, भाग आणि घाई किती, या तीन गोष्टी असतील तरच माणूस हत्यारं उचलतो.

२ फेब्रुवारी

क्लीनिंगच्या बंदात बेअरिंग बदललं. मी प्लमर ब्लॉकशेजारी उकिडवा बसलो होतो. झाकण निघालं, ग्रीस पुसलं, आउटर फिरवून वर आणली. तात्यांनी बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. माझं बोट धरून त्या जागी ठेवलं. करंगळीच्या नखाएवढा पोपडा, कड टोचणारी. बाकी सगळी आउटर आरशासारखी. केज शाबूत, रोलर चांगले.

पाच तासांत पंखा परत चालू झाला. यार्डात एकही जास्तीची ट्रॉली उभी राहिली नाही. घरी जाऊन वडिलांना सांगितलं, बेअरिंगची आउटर होती, वेळेत काढली. त्यांनी करंगळीचं नख बघितलं आणि विचारलं, एवढ्यानं कारखाना उभा राहतोय?

१७ फेब्रुवारी

मोटरच्या मागच्या बाजूचं प्रकरण लिहायचं राहिलं. तिथे ८ गोळ्यांचं बेअरिंग आहे. आउटरचा ठेका फेऱ्याला सुमारे ३.०८, म्हणजे पूर्ण वेगाला ५०.६ हर्ट्झ. विजेचा गुणगुणाट ५०. जानेवारीअखेरपासून तिथे रेघ दिसत होती आणि मी ती केबलमध्ये शिरलेली वीज समजून सोडून देत होतो.

परवा ऊस कमी होता, वेग ८०० वर उतरला. रेघ ४१ वर सरकली. वीज ५० वरच राहिली असती. वेगाबरोबर चालते ती रेघ यंत्राचीच. ज्या वेगबदलाने नोव्हेंबरात मला छळलं, त्यानेच हे उकलून दिलं. आता मॉडेलमध्ये नियम घातलाय: प्रत्येक संशयित रेघ किमान दोन वेगांना तपासायची.

रेघ हळू चढतेय. हंगाम आता संपत आलाय, मोटर तोवर निघेल. रोज सकाळी बघतो.

६ मार्च

ऊस संपला, परवा गाळप बंद झालं. आज मोटर उघडली.

मेसेजात मी "आउटर" लिहिलं होतं, आणि आउटर खराब होती. पण पोपडा नव्हता. गोळीच्या पूर्ण वाटेवर आडव्या, सारख्या अंतराच्या बारीक पट्ट्या, धुणं धुवायच्या खरबरीत दगडासारख्या, राखाडी. ग्रीस काळं. हे झिजणं नाही, विजेचं काम आहे. ड्राइव्हमुळे मोटरच्या शाफ्टवर विजेचा दाब तयार होतो, तो बेअरिंगमधून जमिनीत उतरताना ग्रीसच्या थरातून बारीक ठिणग्या पडतात, आणि करोडो ठिणग्यांनी ही नक्षी उठते.

मॉडेलने जागा बरोबर सांगितली, कारण सांगितलं नाही. इथे नुसतं बेअरिंग बदललं असतं तर नवंही त्याच वाटेने गेलं असतं. शाफ्टला अर्थिंग ब्रश आणि मागच्या बाजूला इन्सुलेटेड (वीज जाऊ न देणारं) बेअरिंग, अशी मागणी आजच स्टोअरला दिली. एन्व्हलपचा आलेख पुन्हा काढून पाहिला: पंख्याच्या पोपड्यात मोजक्या टोकदार रेघा होत्या, इथे वरच्या फ्रिक्वेन्सीत रेघांचा अख्खा डोंगर उभा आहे. हा फरक आकड्यात कसा पकडायचा, हे ऑफ सीझनचं पहिलं काम.

हंगामाचा हिशेब: झाकण चार वेळा उघडलं, तीन दोष, एकदा सगळं चांगलं निघालं. तेवढीच खरी लेबलं, म्हणजे आत काय होतं ते नक्की माहीत असलेल्या नोंदी. चार उदाहरणांवर दोषाचं नाव घेणारं नेटवर्क शिकवता येत नाही. म्हणून नाव घ्यायचं काम अजून ठेक्याच्या हिशेबावर ठेवलंय आणि पुढचा हंगामही तसंच ठेवणार. साहेब इंजेक्शन पंपांवरही सेन्सर लावू म्हणतात. आधी त्यांच्या बेअरिंगांच्या गोळ्या मोजून घ्यायला हव्यात.

संध्याकाळी रजिस्टर आणायला गेलो. तात्यांनी पट्टी घेऊन पानाच्या उजव्या कडेला एक रकाना पाडलाय, वर लिहिलंय "उघडल्यावर काय दिसलं". आजच्या तारखेपुढे त्यांच्या अक्षरात: "मोटर मागील बेरिंग. आउटरला आडव्या पट्ट्या, पूर्ण गोल. नखाला लागतात. इनरवर पुसट. फोटो काढला."